हत्तुरेबाईंचं कोडं

हत्तुरेबाईंना कोडं घालायला आमच्या स्टाफरूममध्ये कुणी धजत नसे. एखादा नवीन आलेला मास्तर मधल्या सुट्टीत मोबाइल पुढे करायचा आणि म्हणायचा, "मॅडम, हे बघा, भलेभले चुकतात म्हणे यात." बाई ज्वारीच्या भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जुनं आहे."

"पण मला तर आज सकाळीच आलं."

"तुमच्याकडं आज आलं. कोडं जुनं आहे. तुमच्या आजोबांच्या आधीचं असेल."

"बरं, मग उत्तर सांगा की."

"उत्तर कशाला सांगू? तुमाला पाहिजे तर तुमी काढा."

एवढं झालं की तो मास्तर पुन्हा कधी त्यांच्या टेबलाशी बसत नसे. बाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट डबा ठेवायला जागा होते म्हणायच्या.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात बाई गणित शिकवायच्या आणि मी इतिहास. माहेर वैरागचं, लग्नानंतर सोलापुरात आले. गणिताशी माझं कधीच जमलं नाही आणि म्हणूनच बहुधा बाईंचं माझ्याशी जमलं. मी त्यांना कधी उत्तर विचारत नसे. गोष्ट ऐकायचे, कळली तर हसायचे.

गिरिजा हत्तुरे. उंच, हडकुळ्या, खांदे पुढे झुकलेले. कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि अंगावर काळपट हिरवी नाहीतर काळपट जांभळी इरकल. चालणं इतकं झपाझप की व्हरांड्यातली पोरं भिंतीला चिकटायची. आवाज असा की पलीकडच्या तिसऱ्या वर्गात इतिहास शिकवताना मला त्यांची त्रिकोणमिती ऐकू यायची. कॉपी करताना सापडलेल्या पोराचा पेपर त्या फाडत नसत. त्याच्याच हातून फाडून घेत. संस्थेच्या एका संचालकाच्या मुलाकडूनही त्यांनी तसाच फाडून घेतला होता, आणि त्यानंतर त्यांची बढती जी अडकली ती अडकलीच. बाईंना माणसं जपता येत नसत हे खरं. पुढे जे झालं त्यात त्यांच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, त्याचं अर्धं कारण तेच.

पण वर्ग सुटला आणि एखादं कोडं डोक्यात शिरलं, की ही बाई वेगळीच दिसायची. टेबलाखाली चपला काढलेल्या, पाय एकावर एक, नजर पंख्याकडे. अशा वेळी शिपाई चहा ठेवून गेला तरी त्यांना पत्ता नसायचा. चहावर साय धरायची.

कोड्याबद्दल त्यांचं एक मत ठाम होतं. "उत्तर कळल्यावर माणसानं कपाळावर हात मारला पाहिजे," त्या म्हणायच्या. "घाम पुसायला लागला तर ते कोडं नाही, ती हमाली."

जगभरातल्या कोडी करणाऱ्यांची इंटरनेटवर एक मंडळी होती, आणि बाई तिच्यात होत्या. त्याला त्या 'आमचा कट्टा' म्हणत. तिथे जुनी कोडी चालत नसत. आपण स्वतः रचलेलं, कुठेही न आलेलं कोडं टाकायचं, मग बाकीचे ते सोडवणार, चिरफाड करणार, 'हे अमक्यासारखंच आहे' म्हणून नाक मुरडणार. हा कट्टा चालवायचा एक म्हातारा. कुठल्याशा थंड देशातला निवृत्त शाळामास्तर, नाव थॉमस. बाई त्याला थॉमसअण्णा म्हणायच्या. तो फार बोलत नसे. कोडं पसंत पडलं तर खाली एवढंच लिहायचा, 'नवीन आहे. आभार.' त्या दोन वाक्यांसाठी जगभरची हुशार माणसं झुरायची. बाईंना ते बऱ्याचदा मिळाले. ज्या दिवशी मिळत, त्या दिवशी वर्गात कुणालाही उठाबशा नसत.

कोडं कट्ट्यावर जाण्याआधी त्याची परीक्षा घरी व्हायची. शुक्रवार पेठेत एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांची थोरली बहीण राहत. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. बहिणीला सगळे अक्काच म्हणत. शाळा तिनं लहानपणीच सोडलेली. बाई तिच्यासमोर बसून कन्नडमधून नवीन कोडं सांगायच्या. अक्का भाकरी थापता थापता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "तिळीलिल्ल." म्हणजे समजलं नाही. मग बाई ते पुन्हा मांडायच्या. वाक्यं कमी करायच्या, एखादं माणूस काढून टाकायच्या. अक्का "तिळीतु" म्हणाली, समजलं म्हणाली, की काम झालं. उत्तर तिला आलं नाही तरी चालायचं. गोष्ट कळली पाहिजे.

त्यामुळे बाईंच्या प्रत्येक कोड्यात अक्का असायची. अक्का बाजारात जाते, अक्का चादरींच्या घड्या घालते, अक्का शेजारणीकडून घागर आणते. कट्ट्यावरचे लोक तिची चौकशी करायचे, 'या महिन्यात अक्का कुठे आहे?' एकदा बाईंनी आपल्या गावातल्या नळावर कोडं केलं. एका गल्लीत अमक्या दिवसाआड पाणी, दुसऱ्या गल्लीत तमक्या दिवसाआड. लगेच कुणा परदेशी प्राध्यापकानं हरकत घेतली, की कोडं चांगलं आहे पण अट अशक्य वाटते, पाणी रोज का येत नाही ते स्पष्ट करावं. बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आता काय लिहू माने? महापालिकेला विचारून कळवते म्हणून लिहू?"

त्यांचं सगळ्यात गाजलेलं कोडं जन्माला आलं ते माझ्या घरी. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी जरा गंमत म्हणून बायकांना गोलात बसवलं होतं. प्रत्येकीनं घरून एक वाण आणायचं आणि शेजारणीला द्यायचं. डावीकडचीला द्यायचं की उजवीकडचीला, ते तिचं तिनं ठरवायचं. देणंघेणं झालं, तशी आमच्या खालच्या मजल्यावरची देशमुखीण तोंड पाडून म्हणाली, "मला तर काहीच नाही आलं."

बाई माझ्या आग्रहावरून आल्या होत्या, पण खेळात नव्हत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग कुणाकडं तरी दोन आल्यात. बघा."

गोलातल्या एकीनं पदराखालून दुसरी वाटी हळूच बाहेर काढली. हशा पिकला. देशमुखीण खुश झाली, वाटीवाली लाजली. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही तर बघतही नव्हता!"

"बघायचं काय त्यात? जेवढ्या बायका तेवढी वाणं. एकीला शून्य आलं तर..." आणि त्या मध्येच थांबल्या. पेपर खाली ठेवला. पाय एकावर एक गेले, नजर पंख्याकडे. तिळगूळ न घेता, कुंकू न लावता त्या घरी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात ते कट्ट्यावर होतं. अक्का स्वयंपाकघरात आहे, तिला काही दिसत नाही, बाहेरून फक्त एका बाईची तक्रार ऐकू येते. आतूनच अक्का ओरडते, 'जिच्याकडे दोन आहेत तिनं एक द्या!' अक्काला कसं कळलं? पुढे त्याला बाईंनी आणखी दोन अवघड पायऱ्या जोडल्या होत्या, त्या मला आजही येत नाहीत. पण ही पहिली पायरी ऐकून मी खरंच कपाळावर हात मारला होता. थॉमसअण्णानं त्या वेळी आपल्या दोन वाक्यांना तिसरं वाक्य जोडलं, 'अक्कांना नमस्कार.' बाईंनी ते अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, त्याला म्हणावं जेवायला ये.

आता अभिजितबद्दल सांगायला हवं. आडनाव सांगत नाही. सोलापुरात ज्यांना मुलांच्या क्लासची फी भरायची असते त्यांना त्याचा चेहरा पाठ आहे. सात रस्त्याच्या चौकात त्याचा मोठा फलक आहे, हाताची घडी घातलेला. तो बाईंचा विद्यार्थी. हुशार होता, नम्र होता, आणि बाईंचा एवढा लाडका विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. अक्काच्या हातची भाकरी खाऊन तो बारावी झाला. कट्टा त्याला बाईंनीच दाखवला. त्यानं तिथे स्वतःचं म्हणून एकही कोडं कधी टाकलं नाही. वाचत मात्र असायचा.

एक दिवस अकरावीच्या वर्गातली मुलगी बाईंकडे एक जाड, चकचकीत पुस्तक घेऊन आली. इंग्रजीत होतं. अभिजितचं. 'मॅडम, हे समजत नाही.' बाई ते पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. "वाचा."

वाढदिवसाच्या पार्टीत मुलं गोलात बसली आहेत. प्रत्येक मूल शेजाऱ्याला भेट देतं. स्वयंपाकघरातून आई ओरडते...

"हे तर तुमचं," मी म्हटलं.

"पुढची पण बघा. अक्काची सगळी कामं त्यानं कुणाकुणाला वाटून दिल्यात." त्या हसल्या, पण ओठ नुसते ताणले गेले. "असू द्या. पोरं वाचतील तरी. कट्ट्यावर माझ्या नावानं आहेच की."

तो भरवसा फार टिकला नाही. थॉमसअण्णा वारला. कट्टा तरुण मंडळींनी हाती घेतला. त्यांनी सगळं नव्या जागी हलवलं आणि हलवताना जुनी पानं गेली. कशी गेली ते मला कळत नाही. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली एवढं खरं. मग त्यांनीच जाहीर केलं, की थॉमसच्या स्मरणार्थ उत्तमोत्तम कोड्यांचा संग्रह काढतोय, ज्यानं त्यानं आपलं एक कोडं पुन्हा पाठवावं.

बाईंनी हळदीकुंकू पाठवलं.

उत्तर आलं ते त्यांनी मला कॉलेजच्या व्हरांड्यात दाखवलं. तपासणीत हे कोडं एका प्रकाशित पुस्तकातलं असल्याचं आढळलं आहे. फक्त पात्रं बदललेली दिसतात. नवीन नाही. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर पाठवणाऱ्यांना इथे जागा नाही, तरी खुलासा करावा.

"पात्रं बदललीत म्हणे," बाई म्हणाल्या. "मी. मी बदलली."

इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतका बारीक होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही दोघी रिक्षा करून अभिजितच्या क्लासवर गेलो. त्यानं दारातच वाकून नमस्कार केला. एसी लावला, कॉफी मागवली, अक्काची तब्येत विचारली. बाईंनी कॉफीला हात लावला नाही.

"अभिजित, त्या लोकांना एक मेल लिही. हे कोडं मूळ माझं म्हणून. पुस्तक तुझं राहू दे, छापलंस ते छापलंस. मला तेवढं लिहून दे."

"मॅडम, अहो, तुमचंच तर आहे सगळं. जे काही आहे ते तुमचंच देणं आहे."

"तेच लिही मग."

तो हसला. फार गोड हसतो तो. "लिहिलं असतं मॅडम. पण पुस्तक आता तीन-चार राज्यांत लागलंय. प्रकाशक वेडा माणूस आहे. असं काही लेखी गेलं की तो मलाच कोर्टात खेचणार. आणि खरं सांगू का मॅडम? कोडं काय कुणाच्या बापाचं असतं? गाणी असतात, गोष्टी असतात, तशी कोडी. लोकांची."

"लोकांची," बाई म्हणाल्या.

"व्हय की मॅडम."

"मग कव्हरवर तुझं नाव कशाला? लोकांचं घाल."

त्याचं हसू जराही हललं नाही. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "माने मॅडम, तुम्ही तरी कॉफी घ्या."

त्या आठवड्यात मी स्वतः कट्ट्याला पत्र लिहिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. माझं घर, संक्रांत, देशमुखीण, पदराखालची वाटी. कट्ट्यावरच्या दोन-तीन जुन्या सभासदांनीही लिहिलं की अक्काचं कोडं आम्ही फार पूर्वी वाचल्याचं आठवतं. चालकांचं उत्तर सभ्य होतं. आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु आठवण हा पुरावा होऊ शकत नाही. श्रीमती हत्तुरे यांचं सभासदत्व बंद करण्यात येत आहे.

मला संताप आला. मी बाईंना म्हटलं, "अहो, इतकी माणसं सांगतायत आणि हे म्हणतात पुरावा नाही!"

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी असते तरी हेच लिहिलं असतं. जन्मभर पोरांना काय शिकवलं? आठवतंय म्हणजे सिद्ध झालं नाही."

यानंतरचं सांगायला मला जड जातं.

शिक्षक दिन आला. अभिजितनं आपल्या क्लासतर्फे मोठा कार्यक्रम ठेवला आणि गुरुवर्य म्हणून हत्तुरे मॅडमचा सत्कार जाहीर केला. निमंत्रण आमच्या प्राचार्यांच्या हातून आलं. अध्यक्ष तेच होते. मला वाटलं बाई पत्रिका टराटरा फाडतील. त्यांनी ती नीट वाचली आणि प्राचार्यांना विचारलं, "बोलायला देणार का?"

"देणार म्हणजे काय मॅडम! सत्कारमूर्ती तुम्ही!"

"येते."

सभागृह खचाखच भरलेलं. पालक, पोरं, मागे उभी असलेली माणसं. बाई नवी इरकल नेसून आल्या होत्या. अक्काही आली होती, माझ्या शेजारी बसली होती. बाईंना माइकची गरज नव्हती, तरी त्यांनी तो हातात घेतला.

"मी फार बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "ह्या मुलाच्या पुस्तकात माझी कोडी आहेत. त्यानं मला न विचारता घेतली आणि स्वतःच्या नावावर छापली. त्यामुळं माझ्या लोकांनी मलाच चोर ठरवलं. हे तुमच्यासमोर सांगायचं होतं म्हणून आले."

मी अभिजितकडे पाहिलं. आणि तो हसला. तेच गोड हसू. त्याला हसताना बघून पहिल्या रांगेतले पालक हसले, मग मागचे हसले. कुणीतरी टाळी वाजवली. निवेदिका पुढे आली आणि म्हणाली, "गुरू-शिष्याचं हे प्रेमळ भांडण! मॅडमचा मिश्कील स्वभाव आपण अनुभवतोय!"

"मी चेष्टा करत नाही," बाई म्हणाल्या. पण तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. त्यांचा तो तिसऱ्या वर्गात ऐकू जाणारा आवाज त्यात बुडाला. अभिजित उठला. त्यानं त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पायांवर डोकं ठेवलं. मग माइक घेऊन भरल्या गळ्यानं म्हणाला, "मॅडम आजही मला रागावतात. रागवायला कुणीतरी आहे, हे माझं भाग्य."

लोक उभे राहिले. आमचे प्राचार्यही उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारून अक्कानं माझा हात ओढला आणि विचारलं, "येनायतु? काय झालं? गिरिजा काय बोलली? सगळे हसतात का?"



दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एवढ्या लोकांसमोर तो पाया पडला. आणखी काय पाहिजे माणसाला?" बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्यांचे टोमणे बाईंनी परतवले होते, ज्यांच्या पोरांचे पेपर बाईंनी फाडायला लावले होते, त्या सगळ्यांना त्या दिवशी न्याय मिळाल्यासारखं वाटत होतं. बाईंनी डबा उघडला, बंद केला आणि तासावर गेल्या.

त्यांनी मग कुणाला काही सांगितलं नाही. उरलेली नोकरी केली. वर्गात कॉपीवाला सापडला तर पेपर काढून घ्यायच्या आणि बाजूला ठेवायच्या, फाडायला लावायच्या नाहीत. पोरं म्हणायची, मॅडम निवळल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून लेखी दिलं, तेव्हा संस्थेला बरंच वाटलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का गेली. मी भेटायला गेले तर खाली दुकानदारानं सांगितलं, खोल्या सोडल्या, भाचीकडं अक्कलकोटला गेल्या. फोन लागत नव्हता.

मग एकदाच दिसल्या. मी एस.टी. स्टँडवर बहिणीला सोडायला गेले होते. अक्कलकोटच्या फलाटावर बाई उभ्या होत्या, एकट्या. आणखी वाळलेल्या, केस पांढरे, हातात औषधांची पिशवी. कुठल्याशा तपासणीसाठी आल्या होत्या. मी धावत गेले. त्यांनी ओळखलं, पण चेहऱ्यावर फार काही उमटलं नाही. वैरागची ज्वारी कशी आहे, माझी मुलगी काय करते, अशा दोन-चार गोष्टी बोललो. कट्ट्याचं नाव मी काढणार नव्हते. पण बाईंशी बोलायचं तर दुसरं काय बोलायचं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

"मॅडम, सध्या काही नवीन?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मात्र तो चेहरा बदलला. डोळे एकदम पहिल्यासारखे झाले.

"आहे," त्या म्हणाल्या. "एक आहे. इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं, माने. अगदी दोन ओळींचं आहे. तुमाला सुद्धा कळेल."

"सांगा की मग!"

गाडी फलाटाला लागली. माणसं पुढे सरकली. बाईंनी पिशवी काखेत धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या. खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली. मी खाली उभी राहून वर बघत होते, वाटलं काच सरकवतील. त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. गाडी वळून फाटकाबाहेर गेली तोवर त्यांनी मान वळवली नाही.